काढ्याचा नकाशा : औषधव्यवसायाच्या नियोजनाचे एक साधन

स्वतःची लहानमोठी फार्मसी चालविणारा वैद्य असो किंवा आयुर्वेदीय औषधांचे दुकान चालविणारा व्यावसायिक असो, दोघांपुढे एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा असतो. हाताशी असलेला मर्यादित पैसा, वेळ आणि मनुष्यबळ नेमके कोठे लावावे? वेष्टनाचे नवे यंत्र घ्यावे, की रुग्णनोंदींसाठी संगणकप्रणाली करून घ्यावी? स्वतःची प्रयोगशाळा उभारावी, की दुकानाची दर्शनी बाजू सुधारावी? या प्रश्नांची उत्तरे बहुधा विक्रेत्याच्या वाक्चातुर्यावर, शेजाऱ्याच्या अनुकरणावर किंवा केवळ सवयीवर ठरतात. निर्णय घेतला जातो. परंतु तो कोणत्या भूमीवर उभे राहून घेतला, हे मात्र तपासले जात नाही.

रुग्णपरीक्षणात आम्ही असे कधी करीत नाही. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती यांचा विचार केल्याशिवाय औषधयोजना करणारा वैद्य आम्हास मान्य होत नाही. मग ज्या व्यवसायावर आपली उपजीविका आणि रुग्णांचा विश्वास अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत निदानाशिवाय चिकित्सा का चालावी? या लेखात आम्ही व्यवसायाचे असे निदान करण्याच्या एका चित्ररूप साधनाचा परिचय करून देत आहोत. ते आपल्या क्षेत्राला लावल्यास जे दिसते, त्याविषयीचे आमचे मतही स्पष्टपणे मांडणार आहोत.

यादी आणि नकाशा यांतील भेद

नियोजनाच्या बैठकीत साधारणतः याद्या होतात. आपली बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचे चार चौकोन काढून ते भरले जातात. यादी निरुपयोगी नसते. परंतु यादीतील एखादा मुद्दा वरून खाली नेला तरी तिच्या अर्थात फरक पडत नाही. नकाशाचे तसे नाही. नकाशावरचे नाशिक कोल्हापूरच्या जागी नेले तर सगळा नकाशाच खोटा ठरतो. जेथे स्थानालाच अर्थ असतो, तोच नकाशा. एरवी ती केवळ आकृती होय.

स्थानाला अर्थ असल्याने काय साधते, याचे वैद्यकाच्या इतिहासातील ख्यातनाम उदाहरण लंडनचे आहे. १८५४ साली तेथील सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले आणि त्या पंपाचा दांडा काढविला. पुढे त्यांनी प्रत्येक मृत्यूची खूण त्या त्या घराच्या जागी करून नकाशा प्रसिद्ध केला. खुणांची दाटी त्या पंपाभोवती होती. तितकेच बोलके होते ते खुणा नसलेले भाग. जवळच्याच मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार जवळजवळ सुरक्षित राहिले होते, कारण त्यांची पाण्याची सोय निराळी होती. मृतांच्या नावांच्या लांबलचक यादीत ही गोष्ट डोळ्यांत भरली नसती.

व्यवसायाच्या क्षेत्रात चित्ररूप मांडणीचे अनेक प्रयत्न झाले. रॉबर्ट कॅप्लान आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ साली बॅलन्स्ड स्कोअरकार्डची कल्पना मांडली आणि २००४ साली तिचाच विस्तार करून 'स्ट्रॅटेजी मॅप्स' हा ग्रंथ लिहिला. त्यात शिक्षण व वाढ, अंतर्गत कार्यपद्धती, ग्राहक आणि अर्थ असे चार स्तर एकावर एक मांडून त्यांच्यातील कार्यकारणसंबंध बाणांनी दाखविले जातात. कोणत्या कारणाने कोणते कार्य घडेल हे त्यातून कळते. परंतु पायाखालची जमीनच सरकत असेल तर काय करावे, हे त्यातून समजत नाही. ही उणीव ज्या पद्धतीने भरून काढली, तिच्याकडे आता वळू.

फोटँगोचे उदाहरण

कॅनन या प्रसिद्ध कंपनीची फोटँगो नावाची उपकंपनी लंडनमध्ये होती. छायाचित्रांची साठवण आणि त्याला लागणाऱ्या संगणकीय सेवा हा तिचा व्यवसाय. तिचे प्रमुख सायमन वॉर्डले यांना एक शंका सतावीत होती. आपण जे धोरण आखतो ते बरोबर की चूक, हे ठरविण्याचे काही साधन आपल्याजवळ आहे काय? अन्य कंपन्यांची धोरणपत्रे वाचली तरी तेच ते शब्द तेथे दिसत. प्राचीन चिनी सेनानी सुन त्झू यांचा युद्धविषयक ग्रंथ वाचताना त्यांचे लक्ष एका गोष्टीकडे गेले. सेनापतीने विचारात घ्यावयाच्या पाच गोष्टींत भूमीला स्वतंत्र स्थान आहे. व्यवसायाच्या चर्चेत मात्र भूमीचा विचारच नसतो. या विचारातून २००५ साली त्यांनी जी पद्धत सिद्ध केली, ती आज वॉर्डले नकाशा म्हणून ओळखली जाते. तिच्यावर त्यांनी मक्तेदारी ठेवली नाही. ब्रिटनमधील शासकीय माहितीतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आणि इतरत्रही ती वापरली गेली.

पद्धत सोपी आहे. कागदाच्या माथ्यावर आपण ज्याची सेवा करतो त्याला आणि त्याच्या गरजेला स्थान द्यावयाचे. ती गरज भागविण्यास जे जे लागते ते त्याखाली, आणि त्या प्रत्येकास जे लागते ते त्याच्याही खाली, अशी साखळी उतरत न्यावयाची. जे ग्राहकाच्या नजरेस पडते ते वर. जे त्याला दिसत नाही पण ज्यावाचून चालत नाही ते खाली. ही झाली उभी दिशा. आडव्या दिशेला प्रत्येक घटकाची विकासावस्था दाखवावयाची. डावीकडून उजवीकडे तिचे चार टप्पे आहेत. पहिला नवोन्मेष, जेथे गोष्ट अजून अनिश्चित आणि प्रयोगावस्थेत असते. दुसरा घडणावळ, जेथे कुशल माणूस ती प्रत्येक वेळी आपल्या हाताने घडवितो. तिसरा तयार माल, जो अनेक उत्पादकांकडून निवडून विकत घेता येतो. चौथा सार्वत्रिक सोय, जी सर्वत्र सारखीच मिळते आणि जिच्याकडे आपले लक्षही जात नाही.

विजेचे उदाहरण घेतले म्हणजे हे टप्पे स्पष्ट होतात. १८०० साली व्होल्टाने विद्युत्घट सिद्ध केला तेव्हा वीज हे एक नवल होते. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र उभारून घरोघर पुरवठा सुरू केला. आज आपण भिंतीवरची कळ दाबतो आणि महिनाअखेर देयक भरतो. स्वतःची वीज स्वतः तयार करण्याचा अभिमान आज कोणी औषधनिर्माता बाळगणार नाही. स्पर्धेमुळे उपयुक्त गोष्टी अशा डावीकडून उजवीकडे सरकत राहतात, हे या पद्धतीचे मुख्य गमक होय.

फोटँगोच्या नकाशावरून संगणकीय पायाभूत सेवा विजेसारखीच सार्वत्रिक सोय होऊ घातली आहे, हे वॉर्डले यांना दिसले. त्यानुसार २००६ साली वापराप्रमाणे आकार घेणारी झिम्की ही सेवा त्यांनी सुरू केली. त्याच वर्षी अॅमेझॉननेही भाड्याने मिळणाऱ्या संगणकीय सेवा बाजारात आणल्या. पुढे मूळ कंपनीने त्या मार्गाने न जाण्याचे ठरविले आणि २००७ च्या अखेरीस झिम्की बंद पडली. अॅमेझॉनच्या त्या व्यवसायाचे पुढे काय झाले, हे जग जाणते. नकाशा दृष्टी देतो. चालण्याची इच्छा आणि बळ ज्याचे त्याने आणावे लागते. या साधनाचा पुरस्कार करताना ही मर्यादा प्रारंभीच सांगणे आम्हास उचित वाटते.

काढ्याचा नकाशा

आता आपल्या नित्य व्यवहारातील एक पदार्थ घेऊ. रुग्णाला काढा द्यावयाचा आहे. कागदाच्या माथ्यावर रुग्ण लिहा आणि त्याखाली त्याची गरज, म्हणजे व्याधीपासून आराम. त्याखाली दोन गोष्टी येतील : वैद्याने केलेले निदान व योजना, आणि प्रत्यक्ष काढा. शार्ङ्गधरांच्या मानाने काढ्यासाठी एक भाग भरड, सोळा भाग पाणी आणि अष्टमांश शेष राहीपर्यंत मंदाग्नी हवा. म्हणजे काढ्याखाली भरड, पाणी, भांडे, इंधन आणि तो उकळणारे घरातील माणूस असे घटक आले. चरकांनी चिकित्सेचे जे चार पाद सांगितले, त्यांतील उपस्थाता येथे बहुधा रुग्णाची पत्नी किंवा सून असते आणि तिला नीट समजावून सांगणे हाही साखळीतील एक घटकच आहे. भरडीच्या खाली वनस्पतीची ओळख, योग्य ऋतूतील संग्रह, वाळविणे, साठवण आणि वाहतूक. सर्वांत तळाशी रानातून मुळे-साली गोळा करणारा संग्राहक किंवा लागवड करणारा शेतकरी. बाजूला रुग्णनोंद, पावती, हिशेब, परवाना.

आता प्रत्येकाची आडवी जागा ठरवू. पाणी, इंधन, भांडे ही उजव्या टोकाला. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून पैशाची देवघेवही तेथेच गेली आहे. हिशेब आणि पावती तयार प्रणालींनी होतात, तेव्हा त्यांची जागाही उजवीकडेच. भरड तयार मालाच्या टप्प्यात. काढा हा स्वतः एके काळी पूर्णतः घडणावळीचा विषय होता. १८७२ साली पनवेल येथे स्थापन झालेली धूतपापेश्वरसारखी कारखानदारी आणि १९०२ साली कोट्टक्कल येथे सुरू झालेली आर्य वैद्यशाला यांनी शास्त्रोक्त कल्पांना तयार मालाचे रूप दिले. आज बाटलीबंद काढे आणि काढ्याच्या वड्याही मिळतात. वैद्याचे निदान व युक्ती मात्र डावीकडे, घडणावळीच्या टप्प्यातच आहे.

राहिली वनस्पतीची ओळख. तिला कोठे ठेवाल? येथे नकाशा काढणारे बहुतेक जण प्रथम अडखळतात आणि तेथेच या साधनाचा खरा उपयोग सुरू होतो. घाऊक बाजारात पोत्याच्या पोत्याने मिळणारी वस्तू म्हणजे सार्वत्रिक माल, असे आपण गृहीत धरतो. भाव प्रतिकिलोचा, नाव एकच, विक्रेते अनेक. परंतु रास्ना मागितली तर उत्तरेत प्लुचिआ लँसिओलाटा आणि दक्षिणेत अल्पिनिया गलंगा हाती येते. शंखपुष्पी या नावाखाली निदान चार निरनिराळ्या वनस्पती व्यवहारात आहेत. ब्राह्मी म्हणून कोठे बाकोपा तर कोठे मंडूकपर्णी मिळते. एम्बेलिया राइब्सच्या ऐवजी सह्याद्रीतील त्याचा भाऊबंद वावडिंग म्हणून विकला जातो. अशोकाच्या सालीत उंच वाढणाऱ्या शोभेच्या आसुपालवाची साल मिसळली जाते, हेही वाचकांस नवे नाही. बाहेरून चौथ्या टप्प्यातील दिसणारा हा घटक वस्तुतः दुसऱ्या टप्प्यात आहे. त्याची ओळख अजूनही जाणत्या डोळ्यांवर, जिभेवर आणि काही थोड्या चाचण्यांवर अवलंबून आहे. शिवाय तो साखळीच्या तळाशी, रुग्णाच्या नजरेआड आहे. जे दिसत नाही त्यावर खर्च करण्याची प्रेरणाही होत नाही.

ही केवळ शास्त्रीय काटेकोरपणाची बाब नाही. २०२१ साली गुळवेलीच्या सेवनाने यकृताला अपाय झाल्याच्या बातम्या आल्या. त्या वादात आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या दोन सारख्या दिसणाऱ्या जातींत गल्लत होऊ शकते, हे निदर्शनास आणले. त्या वादाचा निर्णय येथे करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या औषधविक्रेत्याला आपल्या बरणीतील गुळवेल कोणत्या जातीची, हे पुराव्यानिशी सांगता आले नाही, त्याच्यापाशी ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यापूर्वी २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी आपल्या शासनाने सक्तीची केली. चूक कोणाचीही असो, पत सर्वांचीच जाते.

खर्च कोठे करावा, कोठे टाळावा

नकाशा पूर्ण झाल्यावर लाल पेन्सिल हाती घ्यावी आणि गेल्या तीन वर्षांत कोणत्या घटकावर किती खर्च केला, ते त्याच्या शेजारी लिहावे. हिशेबाची वही समोर असली की हे काम एका सायंकाळचे आहे. आमचे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे की, पुढील परिच्छेद वाचण्यापूर्वी हा प्रयोग मनातल्या मनात तरी करावा.

बहुतेकांच्या कागदावर लाल आकडे उजवीकडे आणि वरच्या बाजूस दाटलेले दिसतील, असा आमचा कयास आहे. वेष्टन, छपाई, दुकानाची सजावट, खास आपल्यासाठी करून घेतलेली हिशेबाची प्रणाली. डावीकडे आणि तळाशी, म्हणजे द्रव्याच्या ओळखीपाशी, आकडाच नसेल. हा क्रम उलटा आहे. जी गोष्ट सार्वत्रिक सोय झाली आहे ती स्वतः घडवू नये. स्वस्तात स्वस्त आणि भरवशाची पाहून घ्यावी. जी अजून घडणावळीत आहे आणि जिच्यावर आपली गुणवत्ता ठरते, तेथे आपला पैसा आणि आपली माणसे लावावीत. सर्व घटकांना एकच पद्धत लावणे ही चूक होय. सर्व व्याधींना एकच कल्प देण्यासारखी.

उजवीकडच्या घटकांवर भिस्त ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण २०२० च्या साथीत पाहावयास मिळाले. आयुष मंत्रालयाने त्या वर्षी आयुष क्वाथाचा पाठ जाहीर केला. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक. चारही द्रव्ये स्वयंपाकघरातील, ओळखीस सोपी, सर्वत्र मिळणारी, प्रमाण उघड. असा कल्प लोकांपर्यंत पोचणे हे हिताचेच होते. परंतु व्यवसाय म्हणून पाहिले तर त्यात एका निर्मात्याचा दुसऱ्याहून भेद राहिला तो वेष्टनाचा आणि भावाचा. ज्याने केवळ त्याच आधारावर यंत्रे वाढविली, त्याला साथ ओसरल्यावर टिकून राहण्यास काही आधार उरण्यासारखा नव्हता. नकाशावर पाहणाऱ्याला हे आधीच दिसले असते.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवावी. रुग्णनोंदींसाठी प्रत्येक चिकित्सालयाने व्याधिनामांची स्वतःची सूची करण्याचे दिवस आता राहिले नाहीत. नमस्ते पोर्टलवर २०१७ पासून आयुर्वेदीय व्याधिसंज्ञांचे राष्ट्रीय संकेतांक उपलब्ध आहेत आणि १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आंतरराष्ट्रीय व्याधिवर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग प्रकाशित केला, त्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांचा समावेश आहे. संज्ञा अशा रीतीने सर्वांची समान सोय होण्याच्या मार्गावर असताना स्वतःची निराळी सूची घडविण्यावर पैसा घालणे म्हणजे अंगणात स्वतःचे वीजकेंद्र बांधणे होय. प्रणाली घेताना ती हे संकेतांक स्वीकारते काय आणि आपल्या नोंदी आपल्याला बाहेर काढून नेता येतात काय, एवढे दोन प्रश्न विचारावेत. उरलेल्या गुणवर्णनाकडे विक्रेत्याने कितीही लक्ष वेधले तरी ते दुय्यम समजावे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप अपेक्षितच आहे. आयुर्वेदाकडे अशा व्यापारी चष्म्यातून पाहणे हे शास्त्राचे बाजारीकरण नव्हे काय? आमच्या मते गोष्ट उलट आहे. नकाशाच्या माथ्यावर नफा नसतो, रुग्ण असतो. प्रत्येक घटकाला तुझ्यावाचून रुग्णाचे काय अडते, हा प्रश्न विचारावा लागतो. त्या प्रश्नाचे उत्तर देताना चकचकीत वेष्टन गप्प बसते आणि वावडिंगाची ओळख बोलू लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वच गोष्टी उजवीकडे सरकत असतील तर उद्या वैद्याची युक्तीही सार्वत्रिक सोय होणार काय? भ्रमणध्वनीवर चार प्रश्नांची उत्तरे देऊन प्रकृती सांगणारी साधने आलीच आहेत. हे दडपण येणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. चिकित्सेतील जो भाग पुनःपुन्हा सारखाच घडतो, म्हणजे नोंदणी, पथ्यापथ्याचे छापील पत्रक, पुढील भेटीची आठवण, तो उजवीकडे जाणारच आणि जावाच. परंतु देश, काल, बल, अग्नी, सत्त्व, सात्म्य यांचा या रुग्णापुरता आणि या क्षणापुरता मेळ घालणे ही पुनरावृत्तीची गोष्ट नव्हे. युक्तिव्यपाश्रय चिकित्सेला जे नाव मिळाले आहे ते याच कारणाने. कायद्यानेही आपल्याच रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्याला निर्मितीच्या परवान्यातून सूट देऊन या घडणावळीची कदर केली आहे. वैद्याने छापील कामातून मोकळा झालेला वेळ या कामाला द्यावा, हाच त्या दडपणावरचा उपाय आम्हास दिसतो.

तिसरा आक्षेप असा की, दोन माणसे एकाच व्यवसायाचे दोन निराळे नकाशे काढतील. काढोत. नकाशा म्हणजे प्रत्यक्ष भूमी नव्हे. तो आपल्या समजुतीचे चित्र असतो. वडिलांच्या मते भरड हा सार्वत्रिक माल आणि नुकताच पदवीधर होऊन आलेल्या मुलाच्या मते ती घडणावळ, असे झाले तर वाद माणसांचा न राहता कागदावरील एका ठिपक्याचा होतो. ज्येष्ठांचा मान राखून मतभेद मांडण्याची ही सोय आपल्या पिढीजात दुकानांत कमी मोलाची नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी. विकासावस्थांची ही कल्पना वाचताना अनेकांना सुश्रुतोक्त षट्क्रियाकालांची आठवण होईल. संचयावस्थेत जे अल्प प्रयत्नाने साधते ते भेदावस्थेत महत्प्रयासानेही साधत नाही, हे साम्य बोधप्रद आहे. परंतु हे सारे आमच्या ग्रंथांत पूर्वीच होते, असा दावा करणे आम्हास रुचत नाही. दोषांचा प्रकोप आणि बाजारातील स्पर्धा या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्याचे चांगले साधन त्याचे नाव घेऊन वापरण्यात आपल्या शास्त्राला कमीपणा येत नाही.

संघटनेचे कर्तव्य

आतापर्यंतच्या विवेचनातून एक अडचण उघड होते. द्रव्याची ओळख हा कळीचा घटक आहे, हे मान्य केले तरी लहान फार्मसीने एकट्याने त्यावर खर्च करणे शक्य नाही. उपकरणे महाग, ती चालविणारा तज्ज्ञ महाग आणि वर्षभर त्यांना पुरेल इतके काम एका फार्मसीपाशी नाही. मग प्रत्येक जण व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबतो आणि व्यापारी त्याच्या आधीच्या व्यापाऱ्याच्या शब्दावर.

तथापि कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. २००० साली लागू झालेल्या अनुसूची 'टी'मध्ये गुणवत्तानियंत्रणाची सोय स्वतःच्या आवारात किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेमार्फत करण्याची मुभा आहे. भारतीय आयुर्वेदीय औषधिसंहितेचा पहिला खंड १९८९ साली ८० द्रव्यांच्या मानकांसह प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अनेक खंड निघाले. म्हणजे मोजपट्टीही उपलब्ध आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० सालापासून अस्तित्वात आहे. उणीव आहे ती एकत्र येण्याची.

म्हणून आमची सूचना अशी. संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने येत्या तिमाहीत एक बैठक केवळ नकाशासाठी घ्यावी. वैद्य, फार्मसीचे मालक, दुकानदार आणि शक्य झाल्यास एखादा संग्राहक व लागवडदार यांनी एकत्र बसून आपल्या भागात सर्वाधिक खपणाऱ्या पाच द्रव्यांच्या साखळ्या मोठ्या कागदावर काढाव्यात. ज्या दुव्यापाशी कोणालाच खात्रीने काही सांगता येत नाही, तेथे लाल खूण करावी. त्या लाल खुणांपुरती सामाईक व्यवस्था उभारावी : प्रमाणित नमुन्यांचा एक संग्रह, एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी एकत्रित करार आणि ओळख पटलेल्या मालाची सामाईक खरेदी. वर्षाने तोच कागद पुन्हा काढून खुणा किती पुसल्या, ते पाहावे.

यावर काही सभासद म्हणतील, प्रतिस्पर्ध्याबरोबर बसून आपला पुरवठादार उघड का करावा? प्रश्न रास्त आहे. परंतु पाठ, ग्राहक, भाव आणि निर्मितीची खुबी यांतले काहीच येथे उघड करावयाचे नाही. सामाईक करावयाची ती फक्त द्रव्य खरे आहे याची खात्री. खोट्या अशोकसालीत कोणाचेही व्यापारी रहस्य नाही. तिच्यात सर्वांचे सारखेच नुकसान आहे. खऱ्या द्रव्यावर मग खुशाल स्पर्धा व्हावी.

मोठे उद्योग स्वतःच्या प्रयोगशाळा आणि लागवडी उभारू शकतात व उभारतील. लहान फार्मसी आणि स्वतः औषध सिद्ध करणारा वैद्य यांना मात्र दोनच मार्ग उरतात. एकतर आपले नाव छापलेल्या वेष्टनात दुसऱ्याचा माल विकावा, नाहीतर ओळखीच्या या एका दुव्यावर एकत्र येऊन स्वतःचे पाय रोवावेत. आमचा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. जिल्हा शाखांनी आपापल्या बैठकीचा दिवस ठरवावा आणि तेथे निघालेले नकाशे या त्रैमासिकाकडे पाठवावेत. ते प्रसिद्ध करण्यास आम्ही जागा राखून ठेवू. त्यांवर मतभेद आले तर त्यांचेही स्वागत करू.